पाच किलोमीटर आणि वरचे पाच मीटर

१७ ऑगस्ट

ताईनं आज वही हातात दिली. छकुलीच्या आजारपणातली, निळ्या पुठ्ठ्याची. पुढून अर्ध्याहून जास्त भरलेली आहे. ताप किती, कुठली गोळी किती वाजता, रक्तातल्या पेशींचा काउंट किती, उलटी झाली का, रात्री झोप लागली का. "मागून लिहायला घे," म्हणाली. म्हणून या नोंदी उलट्या बाजूनं सुरू होताहेत.

ठरलंय ते एवढंच. छकुलीच्या आठवणीत पाच किलोमीटरची दौड भरवायची, धावा नाहीतर चाला. जमलेले पैसे कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या मुलांसाठी द्यायचे. मला ना धावण्याचा अनुभव, ना असलं काही भरवण्याचा. पण मी तिचा मामा आहे, आणि ताईनं पहिल्यांदाच काहीतरी मागितलंय.

२४ ऑगस्ट

पैसे नक्की कशासाठी, यावर आज बराच वेळ बोललो. माझ्या डोक्यात एखादं यंत्र घेऊन द्यावं असं होतं. ताई म्हणाली, "यंत्र कुणीही देईल. त्या वॉर्डात मी दोन वर्षं काढलीत. माणसं कशानं तुटतात ते मला विचार."

मग तिनं सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो, कारण पुढे पत्रकात हेच घालायचंय.

छकुलीला होता तो एएलएल, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. लहान मुलांत हाच सगळ्यात जास्त आढळतो. उपचार दोन ते तीन वर्षं चालतो. सुरुवातीचे महिने फार जड असतात. नंतरचा बराचसा काळ मूल घरीच असतं, रोज गोळ्या आणि ठरल्या दिवशी दवाखाना. ऐकायला सोपं वाटतं. पण या सगळ्या काळात पांढऱ्या पेशी कधीही खाली जातात. त्यातल्या न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, पाचशेच्या खाली असताना ताप आला तर ते मूल तातडीचं. तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. ज्यांचं घर दवाखान्यापासून सहा तासांवर आहे त्यांनी तासाभरात पोचायचं कसं? म्हणून जवळ खोली घ्यावी लागते. खोलीचं भाडं, येण्या-जाण्याचा खर्च, एकाची बुडालेली मजुरी, घरी मागे राहिलेलं दुसरं मूल. आठव्या-नवव्या महिन्यात मूल चांगलं दिसायला लागतं, केस परत येतात, आणि घरचे म्हणतात आता बरंय की, पुढच्या खेपेला बघू. ती खेप येत नाही. राहिलेला आजार मात्र परत येतो.

जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे मी नंतर पाहिले. जगात दरवर्षी साधारण चार लाख मुलं आणि किशोरवयीन कॅन्सरनं आजारी पडतात. श्रीमंत देशांत ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात, अनेक गरीब आणि मध्यम देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. निदानाला उशीर, चुकीचं निदान, औषधं न मिळणं आणि उपचार मध्येच सुटणं, ही त्यामागची कारणं. २०१८ साली संघटनेनं ठरवलं की २०३० पर्यंत जगभरात निदान ६० टक्के मुलं तरी वाचली पाहिजेत.

तेव्हा पैसा जाईल तो खोलीभाड्याला आणि प्रवासाला. ताईचा शब्द शेवटचा.

३१ ऑगस्ट

तारीख. माझ्या मनात छकुलीचा वाढदिवस होता. दाजी काहीच बोलले नाहीत, उठून आत गेले. ताई म्हणाली, तिच्या कुठल्याच तारखेला नको, त्या दिवशी आम्हाला घरात बसू दे. शेवटी १५ फेब्रुवारी धरली. तो आंतरराष्ट्रीय बालकर्करोग दिन, आणि यंदा रविवारही आहे. ती तारीख सगळ्याच मुलांची आहे म्हणून ताईला चालली.

९ सप्टेंबर

पत्रकाचा मसुदा ताईला दाखवला. तिनं लाल पेन घेतलं.

मी लिहिलं होतं, "कॅन्सरशी दोन वर्षं दिलेली झुंज अखेर अपयशी ठरली." तिनं अख्खं वाक्य खोडलं. "अपयशी कोण ठरलं? सात वर्षांची पोर? औषध पुरं पडलं नाही असं लिही. तेच खरंय."

मी लिहिलं होतं, "हसतमुखानं सगळं सोसलं." तेही खोडलं. "पाठीतल्या सुईला ती किंचाळायची. मला चावलीय एकदा, इथं." मनगट दाखवलं. "हसायची तेव्हा हसायची. रडायची तेव्हा सगळा मजला गोळा करायची. तिला देवदूत करू नकोस. तिच्या शेजारच्या खाटेवरचं मूल रडत असेल ना, त्याच्या आईला वाटेल आपलंच पोर कमी धीराचं."

हे मला कधी सुचलंच नसतं. पत्रक नव्यानं लिहिलं. आजाराचं नाव, उपचाराची मुदत, पैसे कशाला लागतात, आणि छकुलीबद्दल तीन वाक्यं: तिला मोजायला आवडायचं. ती सात वर्षांची होती. तिला एएलएल होता आणि औषधं पुरी पडली नाहीत.

फोटो फक्त आजारापूर्वीचा, आणि तोही पत्रकावरच. फलकावर, टी-शर्टवर नाही. पाळण्यातलं नाव कुठंही छापायचं नाही.

२० सप्टेंबर

एका प्रायोजकानं चांगली रक्कम देऊ केली होती. अट एकच, मंचामागच्या फलकावर छकुलीचा वॉर्डातला फोटो हवा, केस गेलेला. "लोकांच्या काळजाला भिडतं," म्हणाले. नाही म्हणून आलो. बाहेर आल्यावर पाय लटपटत होते, कारण तेवढ्या पैशात तीन कुटुंबांची वर्षाची सोय झाली असती. ताईला रात्री सांगितलं. तिनं फक्त "बरं केलंस" म्हटलं आणि फोन ठेवला नाही, बराच वेळ तसाच चालू होता.

५ ऑक्टोबर

टेरी फॉक्सबद्दल वाचत होतो. कॅनडाचा मुलगा. हाडाच्या कॅन्सरमुळे १९७७ साली उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापला. १२ एप्रिल १९८० ला कृत्रिम पायावर देश आडवा पार करायला निघाला, रोज जवळजवळ एका मॅरेथॉनएवढं अंतर. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले आणि कॅन्सर फुप्फुसात पसरल्यानं १ सप्टेंबरला थांबावं लागलं. जून १९८१ मध्ये तो गेला, बाविसाव्या वर्षी. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याच्या नावानं पहिली दौड झाली आणि तीन लाखांवर लोक आले. ती आजही होते, आणि ती शर्यत नसते. नंबर नाहीत, विजेते नाहीत.

आम्हीही बक्षिसं काढून टाकली. पदकंही नाहीत. पदकांचे पैसे खोलीभाड्यात. वेळ मात्र प्रत्येकाची घ्यायची, म्हणजे वेळ नोंदवणाऱ्या चिपचा खर्च राहतो. यावर माझं आणि दाजींचं दुमत आहे. ते म्हणतात वेळ कशाला? मी म्हणतो, जो सहा महिने सराव करून येईल त्याला आपला आकडा कळायला हवा. छकुलीला हवा असता.

१८ ऑक्टोबर

मार्ग मोजला. हे नीट लिहितो, पुढं कुणाला उपयोगी पडेल.

फोनवरच्या नकाशावर आखलेला मार्ग बरोबर पाच किलोमीटर दाखवत होता. माझा त्यावर विश्वास बसला होता. एका जुन्या धावपटूनं विचारलं, "सायकलनं मोजलाय का?" रस्त्यावरच्या दौडीचं अंतर मोजायची मान्य पद्धत सायकलचीच आहे. पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं छोटं यंत्र बसवतात. चाक फिरेल तसे आकडे पुढं सरकतात. आधी पोलादी टेपनं तीनशे मीटरचा सरळ पट्टा आखायचा, त्यावर सायकल चार वेळा चालवायची, म्हणजे एका किलोमीटरला किती आकडे ते कळतं. मग मार्ग मोजायचा. मग परत त्या पट्ट्यावर चार वेळा, कारण ऊन चढलं की टायरमधली हवा फुगते आणि हिशेब बदलतो.

वळणावर रस्त्याच्या कडेपासून तीस सेंटिमीटरवरून जायचं. धावणारा सगळ्यात जवळचा रस्ता धरतो, म्हणून मोजणाऱ्यानंही तोच धरायचा. मी नकाशावर रेघ रस्त्याच्या मधोमध ओढली होती आणि सगळी वळणं मोठी धरली होती. खरा मार्ग निघाला ४,८७० मीटर. एकशेतीस मीटर कमी. परतीची खूण पुढं सरकवून तो पुरा केला.

आणि एक नियम आहे, तो मला फार आवडला. मोजणीत चूक राहिलीच तर ती कमी अंतराच्या बाजूनं पडू नये, म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जादा धरायचा. पाच किलोमीटरला पाच मीटर. म्हणजे आमचा मार्ग पाच हजार पाच मीटरचा आहे.

वॉर्डाबाहेरच्या बोळात छकुली फरश्या मोजायची. आय.व्ही.चा स्टँड दोन्ही हातांनी ढकलत पळायची आणि ताई मागून नळी उचलून धरायची, छातीत बसवलेल्या, औषध जायच्या पोर्टला ओढ बसू नये म्हणून. एका चाकाचा किरकिर आवाज यायचा, त्यावरून ती कुठवर पोचली ते खाटेवर बसून कळायचं. एकदा सिस्टर कौतुकानं म्हणाल्या, "अगंबाई, शंभर फरश्या पळालीस!" तर ही थांबली, मागं वळली आणि म्हणाली, "एकसष्ट." दम लागून मध्येच थांबली तर अर्धी फरशी धरायची नाही, दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून.

मार्ग कमी भरला असता तर मला तिला तोंड दाखवता आलं नसतं.

२ नोव्हेंबर

मीही धावायला लागलोय. एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं. आठवा दिवस. नडग्या दुखतात.

२३ नोव्हेंबर

वैद्यकीय तयारी. मदतीला आलेल्या डॉक्टर बाई स्वतः धावतात, त्यांनी आमचा मार्ग पायी पालथा घातला.

हृदय अचानक बंद पडलं तर छाती दाबल्याशिवाय आणि शॉक दिल्याशिवाय जाणारं प्रत्येक मिनिट वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी खाली आणतं. म्हणून शॉक देणारी दोन एईडी यंत्रं. एक शेवटच्या टप्प्यावर, कारण लांबच्या दौडीत असे प्रकार बहुतेक शेवटच्या पट्ट्यातच होतात. दुसरं सायकलवर फिरतं. सगळ्या स्वयंसेवकांना छाती दाबायचं शिकवायचं, मलाही.

उष्माघात झालाच तर आधी थंड करायचं, मग हलवायचं. बर्फाच्या पाण्यानं भरलेला टब फिनिश लाइनजवळ तयार हवा. आणि पाणी जबरदस्तीनं पाजायचं नाही. तहान लागेल तेवढंच. अति पाण्यानं रक्तातलं सोडियम उतरतं, आणि तेही जिवावर बेततं.

त्यांनी विचारलं, मुलं येणार का, उपचार चालू असलेली? मी म्हटलं, यावीत असं वाटतं. म्हणाल्या, काउंट कमी असलेल्या मुलाला गर्दीत आणू नका. तुमच्या समाधानासाठी त्याला ताप यायला नको. बरोबर आहे. ज्यांचा उपचार संपलाय तीच मुलं येतील, तीही त्यांच्या डॉक्टरांना विचारून. बाकीच्यांना दौड फोनवर दाखवू.

१४ डिसेंबर

नोंदणी ३१२. अपेक्षेपेक्षा जास्त. हिशेबाची दोन खाती वेगळी ठेवलीत. नोंदणीचे पैसे दौडीच्या खर्चाला, देणगी सगळीच्या सगळी मुलांच्या घरांना. देणगीतून एक पिनसुद्धा घ्यायची नाही. नोंदणीतून उरलं तर तेही देणगीत, खर्च वाढला तर मी भरेन. हिशेब दाजींकडे. त्यांना काहीतरी हातात हवं होतं. बोलत नाहीत, पण रोज रात्री आकडे जुळवून पाठवतात.

२८ डिसेंबर

प्लेटलेटचं टेबल ठेवायचं ठरलं. रक्त देणारे पुष्कळ भेटतात, प्लेटलेटबद्दल फारसं कुणाला माहीत नसतं. किमोनंतर प्लेटलेट इतक्या उतरतात की हिरड्यांतून आपोआप रक्त यायला लागतं. आणि दिलेल्या प्लेटलेट साधारण पाचच दिवस टिकतात, त्याही सतत हलत्या ठेवाव्या लागतात. साठवून ठेवता येत नाहीत. म्हणजे कुणीतरी या आठवड्यात द्यायच्या, पुढच्या आठवड्यात दुसऱ्यानं. छकुलीच्या वेळी दाजी एका रात्री चौदा फोन करत होते.

दौडीच्या दिवशी कुणाच्या घ्यायच्या नाहीत, धावून आलेलं शरीर त्याला नको. फक्त नावं, रक्तगट आणि फोन लिहून घ्यायचे आणि यादी रक्तपेढीला द्यायची.

११ जानेवारी

बिबचा, म्हणजे छातीवर लावायच्या नंबरच्या कागदाचा, नमुना आला. नंबर वर, खाली एक कोरी ओळ: "मी धावतोय / धावतेय ........साठी". ही कल्पना ताईची. मी विचारलं, सगळीकडे छकुलीचंच नाव छापू या का? नको म्हणाली. "प्रत्येकाच्या घरी कुणी ना कुणी असतं."

२५ जानेवारी

दोन कामं अडलीत. चिपवाल्यांनी चिप वाचणाऱ्या मॅट ऐनवेळी कमी पडतील असं सांगितलं. फिरत्या शौचालयांचा पुरवठादार फोन उचलत नाही. दुसरा शोधतोय.

शेवटच्या माणसाचा प्रश्न मात्र सुटला. प्रत्येक दौडीत सगळ्यांच्या मागून एक स्वीपर चालतो. तो कुणाच्याही पुढं जात नाही, तो पोचला की मार्ग बंद. वेळेची मर्यादा ठेवायची का यावर बैठकीत वाद चालला होता. ताई आजवर एकाही बैठकीला आली नव्हती. आज दारात उभी होती, कधी आली कळलं नाही. म्हणाली, "मी चालते मागून. मला सवय आहे."

वेळेची मर्यादा ठेवलेली नाही.

१४ फेब्रुवारी

पहाटे साडेचारला एकट्यानं पूर्ण मार्ग धावलो. उद्या मला धावता येणार नाही, दौड भरवणाऱ्याला एका जागी सापडावं लागतं. ४१ मिनिटं. न थांबता. परतीच्या खुणेपाशी रस्त्यावर खडूनं बाण काढला, तो काढताना रडू आलं, मग शेवटचे दोन किलोमीटर तसाच गेलो.

बोटांची सालं निघालीत पिना लावून. नंबर चारशे अठरापर्यंत गेले.

१५ फेब्रुवारी

रात्री लिहितोय. हात जड झालाय, पण आजचं आजच.

सुटली सात वाजून चार मिनिटांनी. चार मिनिटं उशीर, कारण शौचालयाची रांग संपेना. पुढच्या वेळी दीडपट हवीत. दुसऱ्या पाण्याच्या ठिकाणी पेले संपले, मार्शलनं सायकलवरून पोचवले. एका वळणावर वीस-पंचवीस जण फाटा चुकले आणि तीनशे मीटर जास्त पळाले. तिथं फलक होता, माणूस नव्हता. चूक माझी. फलक कुणी वाचत नाही, हात दाखवणारा माणूस हवा. त्या सगळ्यांची मी फिनिशला थांबून माफी मागितली.

एक तरुण रेघ ओलांडून दोन पावलांवर कोसळला. मला क्षणभर काही ऐकूच येईना. डॉक्टर बाईंनी शांतपणे पाय वर उचलले, नाव विचारलं, ताप पाहिला. तो शुद्धीवर होता, बडबडत नव्हता. एकदम थांबल्यानं रक्त पायांत उतरतं, त्यातून आलेली भोवळ. दहा मिनिटांत उठून बसला. टबातला बर्फ तसाच वितळला, आणि त्या वितळलेल्या पाण्याकडे पाहून मला जितकं बरं वाटलं तितकं दिवसभरात कशानंच वाटलं नाही.

उपचार संपलेली सहा मुलं आली होती. त्यातली एक मुलगी, असेल बारा वर्षांची, किमोतल्या एका औषधानं पायाच्या नसा दुखावल्यामुळे पाऊल जरा आपटत चालते. पहिल्या किलोमीटरपासून तीच शेवटची होती. तिचे वडील सारखे घड्याळ बघत होते, ताई त्यांना सांगत होती, घाई नाही. एक तास अठ्ठावीस मिनिटं. तोवर कुणीही कमान काढली नाही, मंडपवाल्यांनीसुद्धा नाही. ती मुलगी आणि तिच्यामागं चार पावलांवर ताई. चालताना ताईचा उजवा हात थोडा उचललेला होता, कोपरापासून, काहीतरी धरल्यासारखा. तिला ते माहीत नसावं.

मुलीनं आल्या आल्या विचारलं, "पाच पूर्ण झाले?"

पाच आणि वर पाच मीटर, मी म्हटलं.

२१ फेब्रुवारी

हिशेब पूर्ण. नोंदणीतून खर्च भागून थोडं उरलं, ते देणगीत टाकलं. अकरा कुटुंबांची वर्षभराची खोली आणि प्रवास होईल. दाजींनी पावतीन् पावती चिकटवून वही तयार केलीय, ती आणि बँकेचा उतारा सगळ्या धावणाऱ्यांना पाठवला. प्लेटलेटच्या यादीत १३७ नावं. रक्तपेढीतून काल पहिला फोन गेला आणि यादीतला माणूस जाऊन देऊनही आला.

फिनिशपाशी एक खोकं ठेवलं होतं, ज्यांना बिब नेऊन काय करायचं असं वाटेल त्यांच्यासाठी. ती बिबं आज चाळली. आजी. बाबा. "माझा मित्र, आठवी ब". एका बिबवर फक्त "मी". पुष्कळांवर छकुली.

तळाशी स्वीपरचं बिब होतं, नंबर नसलेलं. ताईचं अक्षर. कोऱ्या ओळीवर छकुलीचं नाव नव्हतं. एका मुलाचं होतं. मी ओळखलं नाही, म्हणून फोन केला.

"शेजारच्या खाटेवरचा," ताई म्हणाली. "गोळ्यांवर आहे अजून. पुढच्या महिन्यात दुसरं वर्ष पूर्ण होईल त्याचं. परवा ताप आला होता, चाळीस मिनिटांत पोचले. खोली जवळ आहे ना त्यांची."